अर्जुन गीता विसरला होता

परवा एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी तासभर पीटीएसडी या, भीषण प्रसंगानंतर जडणाऱ्या मनोविकाराची पिसं काढली. त्यांचं नाव घेत नाही; त्यांच्यासारखे बोलणारे गावोगाव आहेत, एकावर अन्याय नको. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा विकार अमेरिकनांनी व्हिएतनामचं युद्ध हरल्यावर आपल्या सैनिकांची समजूत घालायला काढला. आपल्या मातीत तो रुजत नाही, कारण आपल्याकडे कुटुंब आहे, देव आहे, वारी आहे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कोणी समुपदेशक मागितला नाही, माणसं डोळे पुसून पेरणीला लागली. हल्ली जो तो ‘ट्रॉमा’ म्हणतो, त्यात निम्मे ढोंगी. आणि शेवटी हुकमाचं पान: जगातलं पहिलं समुपदेशन कुरुक्षेत्रावर झालं. अर्जुनाने धनुष्य टाकलं, कृष्णाने गीता सांगितली, अर्जुन उठला, लढला, जिंकला. बैठक एक, फी शून्य. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

किरकोळ मुद्दे आधी उरकून घेतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हे नाव १९८० साली आलं, हे खरं. पण १९१५ सालीच चार्ल्स मायर्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने खंदकातून परतलेल्या, धड न दिसणाऱ्या, न झोपणाऱ्या सैनिकांबद्दल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. तेव्हा व्हिएतनामचं युद्ध कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि रक्तदाब मोजायचं यंत्र रिव्हा-रोच्चीने १८९६ साली इटलीत घडवलं, म्हणून सोलापूरच्या माणसाला इटालियन रक्तदाब होतो असं कोणी म्हणत नाही.

ढोंगाबद्दल म्हणाल, तर त्या शंकेपायी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने पळपुटेपणा आणि भित्रेपणा अशा आरोपांखाली आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली २००६ साली. एवढा उशीर आपल्याला परवडणार असेल तर खुशाल संशय घ्यावा. आणि परीक्षेत दोन गुण कमी पडले की ‘ट्रॉमा’ म्हणणाऱ्या पोरांबाबत मी वक्त्यांच्याच बाजूचा आहे.

आता हुकमाचं पान. हे पान मी गेली कित्येक वर्षं पाहतोय. एका दिवाळी अंकातल्या लेखावरून याच मुद्द्यावर माझी एका गृहस्थांशी लांबलचक पत्रापत्री झाली होती. त्यांनी शेवटच्या पत्रात मला ‘पाश्चात्त्यांचा मिंधा’ म्हटलं आणि विषय संपवला. म्हणून यावेळी मी एकाही पाश्चात्त्याला साक्षीला बोलावत नाही. महाभारतच उघडतो.

अर्जुनाचा विषाद युद्धाआधीचा आहे. शंख वाजले होते, पण एकही बाण कोणाला लागला नव्हता. पुढे काय होईल या विचाराने गळालेला माणूस वेगळा आणि जे होऊन गेलं ते रोज रात्री पुन्हा पाहणारा माणूस वेगळा. पीटीएसडी दुसऱ्याला होतो. तेव्हा प्रश्न असा, की युद्ध संपल्यावरच्या माणसांबद्दल महाभारत काय सांगतं? आमच्या वक्त्यांचं वाचन बहुधा गीतेच्या अठराव्या अध्यायापाशी थांबलं असावं. पुढे बरंच काही आहे.

युद्ध जिंकलेला युधिष्ठिर शांतिपर्वाच्या आरंभीच राज्य नको म्हणतो, रानात निघतो. ज्याला मारलं तो कर्ण आपला थोरला भाऊ होता, हे त्याला सगळं संपल्यावर कळलेलं असतं. भाऊ समजावतात. द्रौपदी तर चांगलीच फैलावर घेते. व्यास येतात, कृष्ण आहेच. मग त्याला शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे नेतात. लढाई अठरा दिवसांची, आणि विजयी राजाची समजूत घालणारं पर्व सबंध ग्रंथातलं सगळ्यांत मोठं! एवढं होऊनही भीष्म गेल्यावर गंगेच्या काठी युधिष्ठिर पुन्हा कोसळतो आणि सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एक बैठक म्हणे.

आणि खुद्द अर्जुन? आश्वमेधिक पर्वात, राज्य स्थिरस्थावर झाल्यावर, तो कृष्णाला म्हणतो की रणांगणावर तू मला जे सांगितलंस ते मी विसरलो, पुन्हा सांग. कृष्ण चांगलाच वैतागतो. तेव्हा योगयुक्त होऊन बोललो होतो, ते जसंच्या तसं आता सांगता यायचं नाही, म्हणतो. मग जे सांगतो ती अनुगीता. म्हणजे ज्या रुग्णाचा दाखला देऊन सभागृह टाळ्या वाजवतं, त्या रुग्णाच्या डोक्यात उपदेश टिकलाच नव्हता. पुढे मौसलपर्वात यादवांच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या याच अर्जुनावर लुटारू चालून येतात. त्याला गांडीव कसंबसं चढवता येतं, अस्त्रं आठवत नाहीत, आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रिया पळवल्या जातात.

अर्जुनाला पीटीएसडी होता असं मी म्हणत नाही. महाकाव्यातल्या पात्रांचे केसपेपर काढायची हौस मला नाही. म्हणणं एवढंच, की संहार पाहिलेला माणूस एका उपदेशाने सावरत नाही हे ज्याने महाभारत रचलं त्याला पक्कं ठाऊक होतं. परंपरेच्या अभिमान्यांनी परंपरा अर्धी वाचू नये.

राहिली किल्लारी. इथे मात्र मला राग येतो.

तिथली जमीन १९९२च्या ऑगस्टपासूनच गुरगुरत होती. ऑक्टोबरात मोठा हादरा बसला, लोक अंगणात झोपू लागले. मग काही होईना, तशी माणसं हळूहळू घरात परतली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपलेली असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी जाडजूड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदं अंगावर आली. हजारो माणसं गेली. ५२ गावं दुसरीकडे वसवावी लागली. जे वाचले ते एक धडा घेऊन वाचले: आपण घरात परतलो म्हणून हे झालं.

औसा तालुक्यातली माझी एक मावशी त्यांतलीच. तिने दोन पोरांची लग्नं केली, शेत राखलं, सोसायटीचं कर्ज फेडलं. वक्त्यांच्या हिशेबात ती ‘खंबीर’च्या रकान्यात बसते. पण ती अजून पुनर्वसनाच्या पक्क्या घरात झोपत नाही, पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपते. चपला उशापाशी, दाराला कडी नाही. कोपऱ्यात पितळी तांब्यावर फुलपात्र पालथं घातलेलं, का तर जमीन हलली की ते आधी वाजेल. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली की फुलपात्र वाजतं आणि मावशी अंगणात उभी असते, पूर्ण जागी, घामाने भिजलेली. गणपतीत ढोल सुरू झाला की ती शेतावर निघून जाते. उशीखाली अल्प्राझोलामची पट्टी असते, ती गावातल्या डॉक्टरने कधीतरी लिहून दिली आणि मग मेडिकलवाला देत राहिला. डॉक्टरला दाखवू या म्हटलं की म्हणते, “मला काय धाड भरलीय? तूच दाखवून घे.”

मावशीने समुपदेशक मागितला नाही, हे शंभर टक्के खरं आहे. तिला ठाऊकच नव्हतं की या प्रकाराला इलाज असतो. जे दुकानात आहे हेच माहीत नाही ते गिऱ्हाईक मागत नाही, आणि त्यावरून गिऱ्हाइकाला गरज नाही असा निष्कर्ष काढायला व्याख्यातेपणाच लागतो. वारीचं म्हणाल तर ती जरूर करावी, पण ज्या बाईला गर्दी आणि ढोल सोसत नाही तिला दिंडीत कशी नेणार, हे कोणी सांगत नाही.

वाद इतका सरळ असता तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या टोकाला वेगळेच उत्साही लोक आहेत आणि त्यांच्याशीही माझं जुनं भांडण आहे. आपत्ती आली की पहिल्याच आठवड्यात वह्या घेऊन पोचायचं, माणसांना गोल बसवायचं, ‘रडा, बोला, मोकळे व्हा’ म्हणायचं. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर असाच एक बैठकीचा प्रयोग झाला, तो १९९७ साली छापून आला. १३ महिन्यांनी पाहिलं तर बैठक घेतलेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी होता, न घेतलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. ही आकडेवारी एका सभेत मांडली तेव्हा मला ‘संवेदनाशून्य’ म्हणण्यात आलं. म्हणजे एका बाजूला मी मिंधा, दुसऱ्या बाजूला दगड.

मग करायचं काय? पहिले काही आठवडे अन्न, आसरा, झोप, आपली माणसं आणि खरी माहिती. बहुतेक जण एवढ्याने सावरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी भीषण प्रसंग येतो आणि त्यांतल्या ५.६ टक्क्यांनाच हा विकार जडतो. तेव्हा माणूस चिवट असतो, हे वक्त्यांचं म्हणणं विज्ञानालाही मान्य आहे. प्रश्न त्या उरलेल्यांचा आहे. महिना उलटूनही प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, त्याची आठवण देणारं सगळं टाळलं जातं, मन विटतं, अंग सतत सावध राहतं, आणि रोजचं जगणं अडतं; अशांना उपचार लागतो.

तो उपचार म्हणजे नुसतं मन मोकळं करणं नव्हे. साधारण ८ ते १५ बैठका, प्रशिक्षित माणसासमोर. तीच आठवण सविस्तर, पुन्हा पुन्हा सांगायची, ध्वनिमुद्रण घरी ऐकायचं, आणि टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जायचं. मावशीच्या बाबतीत सांगायचं तर आधी भरदुपारी दार सताड उघडं ठेवून पक्क्या घरात बसायचं, भीती चढून आपोआप उतरेपर्यंत उठायचं नाही. मग दार लोटून. मग दुपारची झोप. फुलपात्र सगळ्यांत शेवटी उचलायचं, आणि तेही तिनेच. हे झेपत नसेल किंवा सोबत नैराश्य असेल तर सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीनसारखी औषधं आहेत. अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या या विकारात देऊ नयेत असंच जाणकार सांगतात. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. असे उपचार शिकलेली माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत, तालुक्याच्या ठिकाणी तर नाहीतच म्हटलं तरी चालेल. ही माझ्या बाजूची लंगडी जागा आहे आणि ती मी झाकत नाही.

पण म्हणून मावशीला गीतेचा गुटका देऊन घरी पाठवायचं, हे मला मान्य नाही. तुमच्या घरात कोणी तीस वर्षं चपला उशाशी घेऊन झोपत असेल, अपघातानंतर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावत नसेल, तर त्याच्या खंबीरपणाचं कौतुक थोडं आवरा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे त्याच्यासोबत जा. ते जमेपर्यंत टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावून द्या. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.