आधी पुरावा, मग फवारणी

देशात सुमारे ३० हजार जैव उत्तेजके वर्षानुवर्षे कोणत्याही तपासणीविना विकली जात होती. २०२५ पूर्वीच्या चार वर्षांतही त्यांपैकी आठ हजारांच्या आसपास बाजारात होती. तपासणी कडक केल्यावर ही संख्या साडेसहाशेच्या घरात आली. ही माहिती एखाद्या शेतकरी संघटनेच्या निवेदनातली नाही. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै २०२५ मध्ये ती स्वतः दिली. गळालेले प्रत्येक उत्पादन बोगसच होते, असे कोणी म्हणणार नाही. चाचण्यांचा खर्च न झेपल्याने मागे हटलेले प्रामाणिक छोटे उत्पादकही त्यांत असतील. तरीही एक गोष्ट उरतेच. द्राक्ष, डाळिंब, टोमॅटो, कापूस आणि सोयाबीनवर इतकी वर्षे जे फवारले गेले, त्यातल्या बहुतांश मालाचा उपयोग होतो की नाही, याचा पुरावा सरकारदरबारी नव्हता. तो मागितलाच गेला नव्हता. प्रयोगाचा खर्च मात्र शेतकऱ्याने केला आणि निष्कर्ष कुठेही नोंदले गेले नाहीत.

गावात या वस्तूला सरसकट टॉनिक म्हणतात. ह्युमिक, फुलविक, सीविड, अमिनो ही नावे आता कृषी सेवा केंद्रात युरिया आणि डीएपीइतकीच सरावाची झाली आहेत. ही खते नव्हेत, कारण त्यांतल्या अन्नद्रव्यांसाठी ती दिली जात नाहीत. ती कीटकनाशकेही नव्हेत. वनस्पतीच्या शरीरक्रियांना चालना देणे, अन्नद्रव्यांचे शोषण वाढवणे आणि ताण सोसण्याची ताकद देणे हे त्यांचे काम. म्हणूनच १९८५ चा खत नियंत्रण आदेश आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत हा व्यापार अनेक वर्षे बिनघोर वाढला. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन जैव उत्तेजकांची व्याख्या, वर्ग आणि नोंदणीची पद्धत ठरली. पाऊल योग्य होते, पण अंमल रखडला. आधीपासून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांना दोन वर्षांसाठी दिलेल्या तात्पुरत्या नोंदणीला पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत गेली आणि जून २०२५ मध्ये कुठे ती थांबली. त्या प्रत्येक मुदतवाढीच्या काळात हंगाम येऊन गेले आणि त्यांचा खर्च शेतकऱ्याच्या वहीत चढला.

या रागाच्या भरात मूळ विज्ञान टाकून देण्याची चूक मात्र महाराष्ट्राने करू नये. जैव उत्तेजकांमागचे शास्त्र खरे आहे आणि ते आपल्याच अडचणींना लागू पडणारे आहे. पावसाचा खंड पडला की पान आपली पर्णरंध्रे मिटून घेते. त्यामुळे कर्बवायू आत येत नाही आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते, पण ऊन काही थांबत नाही. न वापरल्या गेलेल्या त्या ऊर्जेतून पेशींत ऑक्सिजनची घातक संयुगे तयार होतात. ती पेशीपटलांना आणि हरितद्रव्याला इजा करतात. समुद्रशैवालाच्या अर्कातील बहुशर्करा आणि बीटेनसारखे घटक वनस्पतीची संरक्षणयंत्रणा आधीच जागी करतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. यातला ‘आधीच’ हा शब्द शेतकऱ्यासाठी लाखमोलाचा आहे. पीक माना टाकू लागल्यावर धावत जाऊन आणलेली बाटली बहुधा उशिराची ठरते. खंडाचा अंदाज असताना, पीक तजेलदार असतानाच फवारणी व्हायला हवी. ही साधी गोष्ट फार थोड्या लेबलांवर स्पष्ट लिहिलेली असते.

ह्युमिक पदार्थांचे काम मुळांपाशी चालते. मुळांच्या पेशीपटलावरील प्रोटॉन पंपांना चालना मिळते, उपमुळे वाढतात, लोह आणि जस्त धरून ठेवून ते मुळाला उपलब्ध होण्यास मदत होते. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो, लोह असूनही पिकाला मिळत नाही आणि सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलेली शेते गावोगावी आहेत. अशा ठिकाणी मुळांची ताकद वाढवणाऱ्या वस्तूला अर्थ आहे. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये शेतावरच्या १८० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात जैव उत्तेजकांमुळे उत्पादनात सरासरी सुमारे १८ टक्के वाढ आढळली. कोरडे हवामान, कमी सेंद्रिय कर्ब आणि क्षारयुक्त किंवा अन्नद्रव्यांची चणचण असलेल्या जमिनी यांत फायदा अधिक दिसला, फवारणीपेक्षा जमिनीतून दिल्यास अधिक दिसला आणि भाजीपाल्यात विशेष दिसला. कोरडवाहू महाराष्ट्राने हा निष्कर्ष मनावर घ्यावा असाच आहे. अर्थात यशस्वी प्रयोग छापून येतात आणि फसलेले कपाटात राहतात, हे लक्षात ठेवूनच या आकड्याकडे पाहायला हवे. शिवाय सरासरी १८ टक्के म्हणजे प्रत्येक बाटलीमागे १८ टक्के नव्हे. कुठे पिकाने भरघोस साथ दिली, कुठे काहीच फरक पडला नाही, असे सगळे त्या सरासरीत मिसळलेले आहे.

‘कुठे’ आणि ‘केव्हा’ हे दोन प्रश्न दुकानात विचारले जात नाहीत. जुलैत सोयाबीन पिवळे पडले की शेतकरी पान घेऊन दुकानात येतो. पिवळेपणाचे कारण लोहाची कमतरता असेल, साचलेले पाणी असेल, मुळाशी हुमणी असेल किंवा विषाणूजन्य मोझॅक असेल. प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. दुकानातून मात्र पुष्कळदा एकच मिळते, दोन-तीन बाटल्यांचे किट. साचलेले पाणी चर काढून घालवायचे असते; त्यावर अमिनो आम्ल फवारून उपयोग नसतो.

दुकानदाराला दोष देऊन इथे थांबता येणार नाही. तालुक्यातला कृषी सहायक कागदपत्रांत आणि पोर्टलवर माहिती भरण्यात गुंतलेला असतो, कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यात एखाददुसरेच असते. मग सल्ला देणारा, माल विकणारा आणि उधारीवर हंगाम निभावून नेणारा माणूस एकच उरतो. ज्याच्याकडे मागची उधारी बाकी आहे, त्याने सुचवलेली बाटली नाकारणे सोपे नसते. त्यावर ‘लिंकिंग’ची सक्ती येते. अनुदानित युरिया किंवा डीएपी हवा असेल तर सोबत नॅनो खत किंवा टॉनिक घ्यावेच लागेल, हा प्रकार महाराष्ट्रात ठाऊक नसलेला शेतकरी सापडणार नाही. अनेक विक्रेतेही सांगतात की ही सक्ती त्यांच्यावर वरून होते. अशी सक्ती थांबवा, असे केंद्रीय कृषिमंत्र्यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले आहे. खत नियंत्रण आदेशाला अत्यावश्यक वस्तू कायद्याचे बळ आहे. कंपनीच्या गोदामापासून गावातल्या दुकानापर्यंत कुठे सक्ती होते, हे शोधायचे ठरवले तर कृषी विभागाला ते अवघड नाही. कारवाई शेवटच्या दुकानदारावर होऊन थांबते, हे बदलले पाहिजे.

बाटलीत नेमके काय आहे, हा प्रश्न पैशांपुरताही नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने युरोपने भारतीय द्राक्षे अडवली. तो घाव नाशिक आणि सांगलीच्या बागायतदारांनी सोसला. त्यानंतर अंश तपासणीची व्यवस्था अधिक काटेकोर झाली आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने त्यात मोठे काम केले. तेव्हा निदान काय वापरले, हे बागायतदाराला ठाऊक होते. ज्या टॉनिकच्या लेबलावर घटकच धड लिहिलेले नाहीत, त्यात वाढनियंत्रक किंवा कीटकनाशक मिसळलेले असेल तर बागायतदाराला कळण्याचा मार्ग नाही. ‘सेंद्रिय’ म्हणून घेतलेल्या बाटलीने दोन दिवसांत फरक दिसला की अनुभवी बागायतदाराच्या मनात शंका येते, आणि ती शंका रास्त आहे. नव्या नियमांनी कीटकनाशकांचे अंश ०.०१ पीपीएमच्या पुढे जाऊ नयेत, अशी मर्यादा घातली आहे. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक यांसारख्या जड धातूंनाही मर्यादा आहेत. मधमाशी, गांडूळ, मासे आणि पक्षी यांच्यावरील परिणामांच्या चाचण्या बंधनकारक आहेत. हे सारे स्वागतार्ह आहे. मात्र नोंदणीच्या वेळी दिलेला नमुना आणि पुढच्या वर्षी दुकानात आलेली बाटली यांत फरक पडणार नाही, याची हमी केवळ नोंदणीने मिळत नाही. त्यासाठी बाजारातून नमुने उचलावे लागतील. शैवालाचा अर्क कोणत्या किनाऱ्यावरून, कोणत्या ऋतूत काढला, यावर त्याचे गुण बदलतात. प्रथिनांचे विघटन तीव्र आम्लाने केले तर ट्रिप्टोफॅन नष्ट होते आणि क्षार वाढतात, विकराने केले तर तसे होत नाही. लेबलावरचा ‘अमिनो आम्ले अमुक टक्के’ हा आकडा दोन्हीत सारखाच असू शकतो. हे तपासणाऱ्या प्रयोगशाळा राज्यात पुरेशा आणि सुसज्ज असायला हव्यात.

परिणामकारकतेच्या चाचणीचा निकष आणखी बारकाईने पाहायला हवा. नियमानुसार किमान एका हंगामात, तीन वेगवेगळ्या कृषी-हवामान ठिकाणी, वेगवेगळ्या मात्रांनी प्रयोग करायचे आणि तेही भारतीय कृषी संशोधन परिषद किंवा कृषी विद्यापीठांच्या देखरेखीखाली. जे उत्पादन ताण सोसण्याची ताकद देते असे सांगते, त्याची परीक्षा ताणातच झाली पाहिजे. पाऊस वेळेवर आणि बेताचा पडलेल्या हंगामात पिकाला ताणच आला नाही, तर त्या प्रयोगातून काय सिद्ध होणार? पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन आठवडे ढग फिरकले नाहीत, की त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर पैसे घातलेला शेतकरी उघड्यावर पडेल. ताणाविषयीचा दावा करायचा असेल तर दोन हंगाम हवेत, किंवा पाणी रोखून नियंत्रित ताणात घेतलेला प्रयोग हवा. अशी सोय आपल्याकडे आहे. बारामतीजवळ माळेगावला २००९ मध्ये उभी राहिलेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था नेमक्या याच विषयासाठी आहे. युरोपीय संघानेही २०१९ च्या आपल्या खत नियमावलीत उत्पादकाने ज्या परिणामाचा दावा केला, तो सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे. दावा ताणाचा आणि पुरावा सुकाळातला, ही पळवाट आपणही बुजवली पाहिजे.

खर्चाचा प्रश्नही खरा आहे. विषारीपणाच्या चाचण्या आणि विद्यापीठांतील प्रयोग मोठ्या कंपन्यांना परवडतील. जिल्ह्यातल्या छोट्या उद्योजकाला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला ते जड जातील. परिणामी बाजार मूठभर कंपन्यांच्या हाती गेला आणि किमती चढल्या तर शेतकऱ्याने एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडावे, असे होईल. एकाच प्रकारच्या घटकावर अनेक उत्पादकांनी एकत्र येऊन चाचणी करावी, सार्वजनिक संस्थांनी अशी उत्पादने स्वतः विकसित करावीत आणि तंत्रज्ञान स्वस्तात द्यावे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ताज्या कप्पाफायकस शैवालाचा रस काढून त्याचे पीकपोषक द्रावण आणि उरलेल्या चोथ्यापासून कॅरागिनन मिळवण्याची पद्धत विकसित केली. तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर महिलांचे बचत गट हे शैवाल पिकवतात. मन्नारच्या आखातातील प्रवाळांवर हे परके शैवाल पसरल्याचेही आढळले आहे, तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावर शैवालशेतीची स्वप्ने पाहताना स्थानिक प्रजातींपासूनच सुरुवात व्हावी. पण संशोधन सरकारी प्रयोगशाळेत आणि कमाई किनाऱ्यावरच्या बाईच्या हाती, ही दिशा बरोबर आहे.

राज्याने आता करायचे काम फार मोठ्या निधीचे नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी आपल्या प्रक्षेत्रांवर झालेल्या जैव उत्तेजकांच्या चाचण्यांचे निष्कर्ष पिकानिहाय, जमिनीच्या प्रकारानिहाय मराठीत खुले करावेत. त्यांत यशस्वी चाचण्यांइतक्याच अयशस्वी चाचण्याही हव्यात. चाचणीचे शुल्क कंपनीने भरले म्हणून निष्कर्ष कंपनीच्या मालकीचा ठरत नाही, कारण तो राज्याच्या जमिनीवर, सरकारी पगारावरच्या शास्त्रज्ञाने काढलेला असतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांनीही खरेदी करण्याआधी आपल्या दोन-चार सभासदांच्या शेतात फवारलेले आणि न फवारलेले असे शेजारशेजारचे पट्टे ठेवून वजने घ्यावीत, आणि त्या नोंदी विद्यापीठाकडे द्याव्यात.

खतविक्रेत्याने साठा आणि दर यांचा फलक लावावा, बिल द्यावे, हे नियम आधीपासून आहेत. त्याच फलकावर नोंदणी झालेल्या जैव उत्तेजकांची नावे, ती कोणत्या पिकासाठी मंजूर आहेत आणि किती मात्रेत, हे लिहिण्याची सक्ती करता येईल. बिलावर नोंदणी क्रमांक छापता येईल. खरिपाची खरेदी मे महिन्यात जोर धरते. त्याआधी ही यादी प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या दर्शनी भागात लागायला हवी.