कूलर घेताना आधी वायर बघा

एप्रिल लागला की जळगाव-धुळ्यात पारा पंचेचाळिशीकडे धावतो आणि माळ्यावरचे कूलर खाली येतात. नवा घेणारा विचारतो, हवा किती फेकतो, टाकी किती लिटरची. वायरकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. यंदा तेवढं बघाच.

कूलर वीज फार खात नाही. घरगुती कूलरला साधारण दीड-दोनशे वॅट लागतात, म्हणजे एक अँपिअरच्या आतच काम. त्यामुळे वायर तापून जळण्याची भीती कमी. खरी भीती पत्र्यात करंट उतरण्याची. पंपाचं किंवा मोटरचं इन्सुलेशन गेलं, फरशी ओली आहे, आणि घरातलं कोणी अनवाणी पायांनी टाकीत बादली ओततंय, एवढं जुळून आलं की संपलं. तो करंट जमिनीत नेण्याचं काम हिरव्या वायरचं असतं. म्हणून थ्री पिन टॉप खोलता येत असेल तर दुकानातच स्क्रू काढून बघा. कधी आत दोनच वायरी निघतात. कधी हिरवी असते, पण कापून मुडपून ठेवलेली! असा कूलर स्वस्तात मिळाला तरी घरी आणू नका.

घरच्या बोर्डाला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असंही समजू नका. वायरमनला बोलवा, तपासून घ्या, आणि करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. बोर्डात फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर बटण बंद असूनही करंट कूलरपर्यंत पोचतो. पिन उपसूनच पाणी भरा.

आता वायरवरची अक्षरं. पीव्हीसी वायरीचं भारतीय मानक आयएस ६९४, टॉपचं आयएस १२९३. वायरीला आयएसआय मार्क २००३ च्या आदेशाने सक्तीचा झाला. नुसता मार्क कोणीही छापतो, तेव्हा त्याखालचा सीएम/एल (परवान्याचा) नंबर मोबाईलमधल्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाका. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळली पाहिजे. सुट्या वायरीचं टोक ब्लेडने खरवडा. लाल रंगाखाली पांढरं दिसलं तर ते तांबं नाही, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. गीझरसारख्या दोन हजार वॅटच्या वस्तूला, जिथे नऊ अँपिअरच्या आसपास करंट वाहतो, अशी वायर लावणं म्हणजे आगीला आवतण.

‘परदेशी माल आहे, सीई मार्क आहे’ असं कोणी सांगितलं तर भुलू नका. बऱ्याच वस्तूंवर तो मार्क कंपनी स्वतःच्याच जबाबदारीवर लावते, आणि तो युरोपच्या बाजारासाठी असतो. अमेरिकेतून मुलाने आणलेल्या कॉर्डवर १२५ व्होल्ट लिहिलेलं असेल, आपल्याकडे २३० येतात. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १००-२४० असेल तर अडॅप्टर ठेवा, फक्त कॉर्ड इथली घ्या. तिथला राइस कुकर मात्र इथे लावूच नका. उलट, मुलगी लंडनला निघाली असेल तर इथला एक्स्टेंशन बोर्ड बॅगेत कोंबू नका. तिथल्या प्लगमध्येच फ्यूज असतो, तिथलाच घेऊ द्या.

आणि दुकान जळगावच्या गोलाणी मार्केटातलं असो की धुळ्याच्या आग्रा रोडवरचं, पक्कं बिल मागा. माल खोटा निघाला आणि दुकानदार दाद देईना, तर वायरवरच्या अक्षरांचा फोटो काढून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा.