वाय-फाय वेगळं करण्याआधी



पूर्वी भावाभावांत बिनसलं की चूल वेगळी व्हायची. आता आधी वाय-फाय वेगळं होतं. आमच्याकडेही ती वेळ आली होती, म्हणून आज हा विषय.

आम्ही पेणजवळ रामवाडीत राहतो. एसटीच्या विभागीय कार्यालयामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना नाव ठाऊक असेल. खाली सासूबाई आणि आम्ही, वर मोठे भाऊजी आणि जाऊबाई. स्वयंपाकघर एक, तसं इंटरनेटही एकच, भाऊजींच्या नावावर. त्यावर चार कॉम्प्युटर: दुकानाच्या हिशेबाचा, पुतण्याचा इंजिनिअरिंगचा, लेकीचा बारावीचा आणि माझा जुना लॅपटॉप, ज्यावर मी संध्याकाळी पाठशाळा घेते. सगळ्यांचे फोन निराळेच.

आता आपल्या घरांची एक गंमत बघा. सूर्यास्ताआधी जेवणं होतात, सातपर्यंत भांडीही होतात आणि सगळं घर एकदम मोकळं होतं. शेजारी तेव्हा कुठे कुकर लावत असतात. त्यामुळे आमच्याकडे सातच्या ठोक्याला सगळेच नेटवर. वीस मुलं णमोकार मंत्र म्हणत असायची आणि माझा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजायचा. त्यात महिन्याची वीस तारीख आली की भाऊजींची जीएसटी रिटर्नची घाई. "तासभर सगळ्यांनी बंद करा."

सगळ्यांत आधी बंद कोण करायचं? मी. मला कुणी नाव घेऊन सांगितलं नव्हतं हो. मीच लॅपटॉप मिटायचे, मुलांना "उद्या घेऊ" म्हणायचे. पैसे भाऊजी भरतात, पुतण्याचं करिअर आहे, लेकीची बारावी आहे, आणि माझं काय, पाठशाळाच तर आहे! हे मीच मनाशी म्हणत होते, याचं मला आज जास्त वाईट वाटतं.

मग जाऊबाई म्हणाल्या, "वरती वेगळं कनेक्शन घेऊन टाकू." सासूबाई ताडकन म्हणाल्या, "आज तार वेगळी, उद्या सिलिंडर." दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही.

माझं मत सांगते. दुसरं कनेक्शन घ्यायला माझी ना नाही, पण ते भांडण मिटवायला घेऊ नका. परिग्रहाचं परिमाण करताना आपण साड्या आणि दागिने मोजतो, मग महिन्याच्या महिन्याला बिल येणारी ही तारही मोजायला हवी. बहुतेक घरांत वेग कमी पडतच नाही. कमी पडतं ते वाटप.

मला हे माहेरी सांगलीतच कळायला हवं होतं. विंडोज 98 ची दुसरी आवृत्ती 1999 मध्ये आली, तिच्यात एका कॉम्प्युटरचं इंटरनेट दुसऱ्याला देण्याची सोय होती. भावाने दोन कॉम्प्युटरमध्ये तार टाकून ती केली. फोनच्या तारेवरचं ते नेट, त्यात दोघांचा वाटा! पण अट अशी, की त्याचा कॉम्प्युटर चालू असेल तरच माझं नेट चालू. आमचं भांडण झालं की तो सरळ बटण बंद करायचा.

आताचा राउटर तसा नाही. बाहेरच्या जगासाठी आपल्या घराला एकच पत्ता असतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगात साधारण 429 कोटीच होऊ शकतात, घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक द्यायला ते पुरणार कुठून? म्हणून घरात वापरायचे पत्ते वेगळे राखून ठेवले आहेत, 192.168 ने सुरू होणारे. ते तुमच्या घरात आणि माझ्या घरात सारखेही असू शकतात. राउटर काय करतो, तर सासूबाई करायच्या तेच. पोस्टमन सगळी पत्रं एकाच दारात टाकायचा आणि त्या कुणाचं कुणाला ते बरोबर वाटायच्या. कोण किती कमावतो हे त्या पेटीला कळत नाही. मालकी आपण घरात आणतो.

तर आम्ही काय केलं? रविवारी दुपारी सासूबाईंनीच सगळ्यांना बसवलं. आधी पेटीची जागा बघितली. ती खाली टीव्हीच्या कपाटात, लाकडी दाराआड, आणि वर जाडजूड भिंत आणि स्लॅब. ती जिन्यात उंचावर आणली. हिशेबाच्या कॉम्प्युटरला आणि पुतण्याला थेट तार दिली. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते, घरातल्या घरात काळजीच नाही. जे एका जागी बसून काम करतात त्यांना तार, जे फिरतात त्यांना वाय-फाय, असं केलं की हवेतली गर्दी निम्मी होते.

मग खरा चोर सापडला. पुतण्या सातलाच आपल्या प्रोजेक्टचे मोठमोठे व्हिडिओ वर चढवायला लावायचा. आपण उतरवण्याचा वेग बघून प्लॅन घेतो, पण काही प्लॅनमध्ये वर पाठवण्याचा वेग बराच कमी असतो. तो रस्ता भरला की पाठशाळेचा आवाज अडकणारच. एका व्हिडिओ वर्गाला तीन-चार एमबीपीएस पुरतात, आमचा प्लॅन चाळीसचा आहे! आता त्याचे व्हिडिओ रात्री अकरानंतर जातात, विंडोजचे अपडेटही तेव्हाच. राउटरच्या सेटिंगमध्ये कुठल्या यंत्राला आधी वाट द्यायची हेही ठरवता येतं, प्रत्येक राउटरमध्ये ती सोय असेलच असं नाही. आमच्यात होती. सात ते आठ माझ्या लॅपटॉपला पहिली वाट आहे. हे मी मागितलं, तोंडाने, सगळ्यांसमोर. आवाज जरा कापला माझा.

पासवर्ड आता सासूबाईंच्या वहीत आहे आणि बिल दोन्ही भाऊ निम्मं निम्मं भरतात. हे दुसरं माझ्या मते पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. एकानेच पैसे भरले की त्याला सांगायचा हक्क येतो आणि बाकीच्यांना मागायची लाज.

दुसरी तार कधी घ्यावी? घरातून कुणाची नोकरी चालत असेल, तर जरूर घ्या, पण दुसऱ्या कंपनीची, आणि तीही घरात सगळ्यांची मिळून. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वीज, टॉवर, तारा सगळंच आडवं झालं. एकाच वाटेवर सगळं ठेवू नये हे तेव्हा कळलं. वरच्या मजल्याचं एक आणि खालच्या मजल्याचं एक, याने मात्र वादळात काहीच साधत नाही.

सगळं सुरळीत झालंय असं म्हणणार नाही. लेकीचे फोनवरचे व्हिडिओ हा वेगळा लेख होईल. पण परवा वीस तारीख होती. पाठशाळा चालू असताना भाऊजी जिन्यातून खाली आले, दाराशी थांबले, म्हणाले, "तुझं आटोपलं की सांग, मग मी बसतो." मुलं तेव्हा चोवीस तीर्थंकरांची नावं म्हणत होती, सोळाव्यापर्यंत आली होती. मी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.