कुत्र्याचे इन्सुलिन आणि सिरिंज
1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा गुण प्रथम कुत्र्यांवरच पडताळला. आज मधुमेही कुत्र्यांना घरीच, बहुधा दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर इन्सुलिन टोचले जाते. यात घात करते ती चुकीची सिरिंज. बाटलीवर मिलिलिटरमागे 40 युनिट असतील, तर सिरिंजही 40 चीच हवी. 100 चे औषध 40 च्या सिरिंजने दिल्यास अडीचपट डोस जातो आणि साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. म्हणून डॉक्टरांनी औषधासोबत सिरिंजही लिहून द्यावी. दुकानदाराने दोन्ही जुळवूनच द्यावीत. कुत्र्याने खाल्ले नाही, तर आधी पशुवैद्यकाला विचारावे. तो झोकांड्या खाऊ लागला, तर हिरड्यांना मध चोळून तडक दवाखाना गाठावा.