अंगण खरंच वाकडं असेल तर?

आठ वर्षं मी एका पटरशी इमानेइतबारे संसार केला. मेहुण्यानं अमेरिकेहून आणलेला, भल्यामोठ्या डोक्याचा मॅलेट. किंमत सांगत नाही, घरात अजून कळलेली नाही. त्या पैशात बऱ्यापैकी फ्रिज आला असता एवढंच म्हणतो. टीव्हीवर एक मोठा खेळाडू तसला पटर वापरताना दिसला आणि मी हरखलो. हल्ली लोक मोबाइल घेतात ना, तसा घेतला.

ज्यांना गोल्फ ठाऊक नाही त्यांच्यासाठी : पटर म्हणजे ग्रीनवरच्या बारीक गवतावरून चेंडू घरंगळत भोकात घालायची काठी. पार बहात्तरच्या मैदानात दर भोकाला दोन, असे छत्तीस फटके हिच्याच नावावर धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ. आणि माझा हा निम्मा खेळ आठ वर्षं भिकार होता. चार फुटांवरून चुकायचो. चुकायचो तेही नेहमी उजवीकडे.

पटरला दोष द्यावा असं एकदाही मनात आलं नाही. कसं येणार? "नाचता येईना अंगण वाकडे" ऐकतच आपण वाढलो. हत्याराला नावं ठेवणारा तो कामचुकार, हे इतकं मुरलेलं असतं की अंगण एकदा वाकून बघावं हेसुद्धा सुचत नाही. मी सराव वाढवला. दिवाणखान्यात सतरंजीवर रोज पन्नास चेंडू. बायको म्हणायची, "अहो, निदान सतरंजी तरी सरळ घाला."

शेवटी कॅडी बोलला. पुण्यात येरवड्याच्या मैदानावर वर्षानुवर्षं बॅगा उचललेला माणूस. माझा एक सोपा पट पुन्हा उजवीकडून गेल्यावर चेंडू उचलून देत म्हणाला, "साहेब, रागावू नका. तुमचा हात दारासारखा उघडतो-मिटतो. आणि ह्यो पटर सरळ मागं, सरळ पुढं जायला बघतोय. दोघांचं जमत न्हाई."

मग त्यानं पटरचा शाफ्ट माझ्या बोटावर आडवा तोलून धरायला लावला. तुमच्याकडे पटर असेल तर आत्ता करून बघा. काही पटरांचा चेहरा आकाशाकडे बघत सपाट राहतो. त्याला फेस बॅलन्स्ड म्हणतात. काहींचं टोक जमिनीकडे झुकतं, तो टो हँग. ज्याचा हात सरळ रेषेत मागेपुढे जातो त्याला साधारणपणे पहिला सोयीचा, आणि ज्याचा हात कमानीत फिरतो, म्हणजे मागे जाताना चेहरा उघडतो आणि पुढे येताना मिटतो, त्याला दुसरा. माझा आकाशाकडे टक लावून बसला होता. माझी कमान तर चांगली ठसठशीत. जाताना दार उघडायचं, पण येताना हा जड ठोकळा मिटायला मागायचा नाही. चेंडू उजवीकडे.

आता कमान हा काही माझा दोष नव्हे. नियमानंच पटरचा शाफ्ट उभ्या रेषेपासून निदान १० अंश कललेला लागतो. आपण चेंडूच्या बाजूला उभे राहतो, काठी तिरकी, खांद्याभोवती फिरणारी. ती थोडीफार कमानीत जाणारच. कोणाची कमान मोठी, कोणाची इतकी लहान की सरळच वाटावी. आणि चेहऱ्याचा हिशेब किती निर्दयी बघा. आठ फुटांवरून चेहरा दोनच अंश उघडा राहिला तर चेंडू भोकाच्या मध्यापासून सव्वातीन इंचांहून जास्त बाजूला जातो. अख्ख्या भोकाचा व्यास सव्वाचार इंच. म्हणजे गेलाच.

माझं म्हणणं एवढंच आहे की खोड आणि ठेवण यांत फरक करावा. फटका मारताना डोकं वर काढणं, ऐनवेळी मनगट झटकणं या खोडी. त्या कोणताही पटर घेऊन जाणार नाहीत, तिथे सतरंजीच हवी. पण हात कसा फिरतो ही ठेवण. ती मोडून काढण्यात मी आठ वर्षं घालवली, आणि ती माझ्याहून चिवट निघाली.

तुम्ही म्हणाल, कसलेला खेळाडू झाडूनंसुद्धा पट करेल. करेलही. पण कसलेल्यांना विचारा. २०२४च्या सुरुवातीला स्कॉटी शेफलर जगात पहिल्या क्रमांकावर होता आणि पटिंगनं गांजला होता. रोरी मॅकिलरॉय टीव्हीवर बोलून गेला, की यानं मॅलेट वापरून बघावा. मार्चमध्ये शेफलरनं ब्लेड ठेवून मॅलेट उचलला आणि पाच फटक्यांनी स्पर्धा जिंकली. पुढच्या आठवड्यात प्लेअर्स, एप्रिलमध्ये मास्टर्स. गंमत अशी की मी जो प्रकार टाकायला निघालो होतो साधारण त्याच जातीचा त्यानं उचलला. दोघंही बरोबर असू शकतो. (एरवी माझ्यात आणि शेफलरमध्ये साम्य शोधू नये.)

त्याहून मला आवडतो तो कार्स्टन सोल्हाइम. जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर, चाळिशी उलटल्यावर गोल्फ शिकला. पटिंग जमेना. त्यानं सरळ अंगणाकडे बोट दाखवलं! वजन डोक्याच्या दोन टोकांना वाटलं तर चेंडू मधोमध लागला नाही तरी चेहरा कमी फिरेल, हे ताडून १९५९ मध्ये स्वतःचा पटर बनवला. चेंडूला लागताच टिणकन वाजायचा, म्हणून नाव पिंग. आज दुकानातल्या बहुतेक पटरांत ती कल्पना या ना त्या रूपात असते.

म्हणून दर सहा महिन्यांनी पटर बदलावा असंही नाही. आमच्या चौकडीतल्या एकाकडे सात आहेत. तो सातांनीही चुकतो. एकदा नीट बघावं, घ्यावा आणि मग गप्प बसावं.

मी साधा टो हँगवाला ब्लेड घेतला, तोही तेहेतीस इंची. आधीचा पस्तीसचा माझ्या उंचीला लांब पडायचा आणि त्याचं टोक जमिनीवरून उचललेलं राहायचं. (जुनाच कापून आणू नका, डोकं हलकं लागतं.) चमत्कार झाला नाही. अजून चुकतो, पण दोन्ही बाजूंना चुकतो, हे मी प्रगतीत धरतो.

पण हे सगळं लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. मुलगा आठवीत असताना त्याला मी माझी जुनी बॅट दिली होती, मोठ्या माणसाची. तो दोनतीनदा म्हणाला, "बाबा, जड लागते." मी काय उत्तर दिलं असेल ते तुम्ही ओळखलंच. त्या वर्षाअखेर त्यानं क्रिकेट सोडलं. आम्ही म्हणालो, चिकाटी नाही.

परवा फोनवर त्याला पटरची गोष्ट सांगितली. तो बंगलोरला असतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ती बॅट अजून माळ्यावर आहे का हो?"

आहे. काल उतरवून हातात धरून पाहिली. चांगलीच जड आहे.