कुणाला विचारू?

नोकरीचा तिसरा दिवस. हातात एक बिल आहे. ते मंजुरीला पाठवायचं, एवढं साहेबांनी सांगितलंय. पण कोणाच्या टेबलावर, सोबत कोणते कागद जोडून, हे तिला ठाऊक नाही. साहेबांना पुन्हा विचारावं, तर 'एवढंही कळत नाही?' असं ऐकावं लागेल ही धास्ती. शेजारचे आपापल्या कामात बुडालेले. ती अंदाजानेच बिल पाठवते. चार दिवसांनी ते परत येतं आणि बोलणी तिला खावी लागतात. असे चार-पाच प्रसंग घडले की एके दिवशी राजीनामा येतो. 'आजकालच्या मुलांत चिकाटीच नाही,' असं म्हणून ऑफिस नवी जाहिरात द्यायला मोकळं!

तिच्यापासून दहा पावलांवर तीस वर्षं हेच काम केलेले एक गृहस्थ बसतात. कोणतं बिल कुठे अडतं, हे त्यांना तोंडपाठ. पण त्यांना कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन ते निवृत्त होतील आणि त्यांचं शहाणपणही त्यांच्याबरोबर घरी जाईल.

या दोन टेबलांमधलं अंतर मिटवण्याची रीतसर व्यवस्था म्हणजे 'मेंटरिंग'. शब्द ग्रीक आहे. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात ट्रॉयच्या युद्धावर निघालेला राजा ओडिसियस आपलं घरदार ज्या मित्रावर सोपवून जातो, त्याचं नाव मेंटॉर. राजपुत्राचा तो वडीलधारा पाठीराखा. काम शिकवणं हा मेंटरच्या कामाचा एक भाग झाला. धीर देणं हा दुसरा. कॅथी क्रॅम या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या दोन्ही बाजूंची सविस्तर मांडणी केली आहे.

साहेब नको, सोबती हवा

पहिला नियम असा, की ज्याच्या हातात पगारवाढ आणि गोपनीय अहवाल आहे, त्याला मेंटर नेमू नये. त्याच्यासमोर कोणीही आपलं अज्ञान उघड करणार नाही. दुसऱ्या विभागातली अनुभवी व्यक्ती निवडावी आणि तीही स्वखुशीने तयार झालेली. कामात हुशार असलेला प्रत्येकजण चांगला मेंटर होतोच असं नाही. ऐकून घेण्याचा स्वभाव जास्त महत्त्वाचा.

सुरुवात लहानच करा

सबंध ऑफिसला एकदम योजना लागू करण्याची घाई नको. पाच-सहा जोड्या आणि सहा महिन्यांची मुदत, एवढं पुरे. हेतू एकच ठरवावा: नव्यांना रुळवणं, बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्यांना आधार देणं किंवा निवृत्तीला आलेल्यांचं ज्ञान पुढे पोहोचवणं. जोड्या लावताना दोघांचीही पसंती विचारावी. पंधरा दिवसांतून एकदा तासभर भेट व्हावी आणि ती ऑफिसच्या वेळेत. डबा खायच्या सुट्टीत उरकलेल्या भेटी महिन्याभरात बंद पडतात.

भेटीतलं बोलणं दोघांतच राहील, हे पहिल्या दिवशीच स्पष्ट करावं. मात्र लैंगिक छळाची तक्रार ही मेंटरने परस्पर मिटवण्याची बाब नव्हे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे; तिथवर जायचा रस्ता मेंटरला माहीत हवा.

जोडी जमली नाही, तर ती बदलण्याची सोय ठेवावी आणि त्याचा ठपका कोणावरही येऊ देऊ नये.

धाकट्यांकडूनही शिका

ही वाट एकेरी नाही. १९९९ साली जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी आपल्या पाचशे वरिष्ठ अधिकाऱ्यांना इंटरनेट शिकण्यासाठी तरुण कर्मचाऱ्यांची शिकवणी धरायला लावली आणि स्वतःही धरली. संगणकापुढे बिचकणाऱ्या ज्येष्ठाला आपल्यालाही काही शिकायचं आहे हे उमगलं, की धाकट्याचा संकोच आपोआप कमी होतो.

शेवटही ठरवा

सहा महिने संपले की दोघांना वेगवेगळं बसवून विचारावं: काय उपयोगी पडलं, काय निरर्थक ठरलं? वर्षाअखेरीस किती नवे लोक टिकले, हे मागच्या वर्षाशी ताडून पाहावं. मग पुढच्या जोड्या लावाव्यात. आधीची जोडी मोडली म्हणून नातं तुटत नाही. ते बरोबरीच्या मैत्रीचं होतं.

या सगळ्याला फारसा पैसा लागत नाही. पंधरवड्यातला एक तास आणि साहेबांचा मोठा जीव लागतो. मग तिसऱ्या दिवशी बिल हातात घेतलेली मुलगी सरळ उठून दहा पावलं चालत जाते आणि विचारते, 'काका, हे कुठे पाठवू?' काकाही चष्मा वर करून म्हणतात, 'बस. आधी हे अडतं कुठे, ते सांगतो.'