माहेरी आलेल्या लेकीची फाईल कुठे आहे?

मालवणच्या किनाऱ्यावरच्या घराघरांतल्या आयांना, आणि मुंबईत राहणाऱ्या त्यांच्या लेकी-जावयांना हे कळकळीने लिहिते आहे. मृगाचा पाऊस तोंडावर आला आहे, म्हणून आजच लिहिते आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातवा-आठवा लागला की पोरी कोकणकन्येने कुडाळला नाहीतर कणकवलीला उतरतात. बॅगेत सासूने दिलेले लाडू असतात, पण गरोदरपणाचं कार्ड आणि सोनोग्राफीची फाईल सासरच्या कपाटात राहिलेली असते. इथल्या उपकेंद्राच्या रजिस्टरात त्यांचं नाव नसतं, मुंबईच्या यादीत त्यांच्यापुढे ‘गावी गेली’ एवढाच शेरा. ज्या दोन महिन्यांत डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, नेमक्या त्याच दोन महिन्यांत त्या कुणाच्याच नजरेत नसतात.

मी आरोग्यसेविका म्हणून याच किनाऱ्यावर तीस वर्षं काढली. एका जुलैत अशीच एक पोर संध्याकाळी माझ्याकडे आणली. पाच दिवस डोकं दुखत होतं. घरात बाम चोळून झाला होता, आजीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या. पाय सुजलेले, तर आई म्हणाली, “पैल्या खेपेक होताच असा.” मी पाय हातात घेतला. जोडवं मांसात रुतलं होतं. नडगीवर अंगठा दाबला तो खड्डा तसाच राहिला. रक्तदाब १७० वर ११०. मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दिलं, गाडी बोलावली. वाटेत ओहोळ रस्त्यावर आलेला. ती वाचली, बाळ गेलं. तिच्या फाईलचे फोटो दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोनवर आले. दोन महिन्यांपूर्वीच तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या आकड्याभोवती लाल शाईने गोल काढून ठेवला होता.

तो लाल गोल मी अजून विसरलेली नाही.

म्हणून पहिलं मागणं हे की, पोर घरी आल्यापासून आठवड्याच्या आत तिचं नाव गावच्या आशाताईकडे किंवा उपकेंद्रात नोंदवा. कार्ड राहिलं असेल तर पानापानाचे फोटो मागवून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तिला न चुकता न्या. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ, तोंडा-हातांवर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

कारण आपल्याकडे अंतर लांब आहे. मालवणहून ओरोसचं जिल्हा रुग्णालय तीसएक किलोमीटर, आणि तिथूनही पुढे न्यायची वेळ आली तर थेट गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय. देवबागसारख्या गावाला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि बाहेर पडायला रस्ता एकच. रात्री दोन वाजता कुणाची गाडी निघेल, हे पोर आठव्यात असतानाच ठरवून ठेवा. १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि येण्याजाण्याची गाडी, सगळं मोफत आहे. पैशांपायी कुणी घरी थांबू नये.

आता रक्ताचं. बाळंतपणानंतर धो धो रक्त जाऊ लागलं तर दोन तासांतही बाई हातची जाते. बाळ बाहेर येताच आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मिळालं, आणि अंगाखाली मापाची पिशवी लावून किती रक्त गेलं ते नर्सने मोजलं, तर धोका वेळेत कळतो. आफ्रिकेतल्या चार देशांत तसं मोजून लगेच एकत्र उपचार केले, तेव्हा जिवावर बेतणारे रक्तस्राव निम्म्याहून कमी झाले. २०२३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तरी काहींना रक्त चढवावंच लागतं, आणि ते माणसाच्याच अंगातून यावं लागतं. दर्यावर्दी भावांनो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर आणि तुम्ही घरी. या दोन महिन्यांत एकदा रक्त द्या.

बाळंतीण घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. सुवेर आहे म्हणून तिला पडवीत बसवून चहा देऊन परत पाठवणारी घरं मी पाहिली आहेत. तिला आत घ्या. ती हात धुऊन बाळाला झोळीच्या काट्यावर तोलते, पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजते. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत उभी केली. तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली जगाने वाचलं. चीक फेकू नका, पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्या. मध, गुटी, पाणी काही नको. नाळेला काही लावू नका. बाळ ओढायचं थांबलं, पोट-तळवे गार पडले किंवा छाती आत खेचली जाऊ लागली, तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा आणि तसंच निघा.

राहिली पुढची गोष्ट. बाळ अंगावर पितंय म्हणजे दिवस राहणार नाहीत, या भरवशावर वर्षाच्या आत पुन्हा गरोदर राहिलेल्या किती पोरी मी तपासल्या. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरच्या दुधावरचं आणि पाळी न आलेली, हे तिन्ही असेल तरच तो भरवसा. कॉपर-टी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी एक. ज्यांची मुलं पुरे झाली त्या पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी थोड्या वेळात होते, नंतर काही दिवस जड ओझं उचलायचं नाही आणि तीन महिने निरोध वापरायचा. मासेमारी बंदीत जाळी ओढायची नसतात, याहून सोयीचा काळ कुठला? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षं उलटली, तरी हा भार अजून बाईच्याच माथी आहे.

येत्या ९ तारखेला पोरीला दवाखान्यात घेऊन या. फाईल बरोबर असू द्या. आणि घोव होडीवरून उतरून घरी असेल, तर त्यालाही आणा.